सिल्व्हर क्रीक, आयडाहो: जुलै-ऑगस्टमधलं पाणगवत, आणि त्यात ट्राउट कसा धरायचा?

गळ_आणि_दोरा

नमस्कार मंडळी. पिकाबो गावाजवळच्या सिल्व्हर क्रीकबद्दल विचारायचं आहे, नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंस्थेच्या राखीव क्षेत्रातून (प्रिझर्व्हमधून) वाहतो तो भाग. जूनच्या सुरुवातीला किलपॅट्रिक पुलाच्या वरच्या अंगाला पात्र मोकळं होतं, तळाची खडी दिसत होती. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याच जागी अर्ध्याहून जास्त पात्र गवताने भरलेलं. निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल बांधलेला, बुडणारा गळ) दोन फूट खाली गेलं की दर फेकीला हिरवा झुबका घेऊनच वर येतं. दोन चांगले मासे लागले, दोन्ही गवतात घुसले, टिपेट (दोऱ्याचं शेवटचं, सगळ्यात बारीक टोक) तुटलं.

सामान: ९ फुटी ४ नंबरचा रॉड, ९ फुटी लीडर (लाइनच्या पुढचा निमुळता दोरा), ५ एक्स टिपेट, गळ १६-१८ नंबरचे (आकडा मोठा तसा गळ लहान), मण्याचं निम्फ, वर इंडिकेटर (तरंगती खूण).

मुळा-मुठेवरची जलपर्णी बघत वाढलेल्या माणसाला पहिली शंका हीच येते की हे प्रदूषण आहे का, आणि असेल तर कुणी काढत का नाही? दुसरं, यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूशास्त्र खात्याच्या) पाणीमापकावर पातळी जूनपेक्षा वर दिसते. पाऊस तर टिपूसभर नाही. हे कसं? आणि तिसरं, खरं कामाचं: अशा पाण्यात फेकायचं कुठे, आणि लागलेला मासा बाहेर कसा काढायचा?

तळाची_खडी

आधी जलपर्णी डोक्यातून काढा. जलपर्णी पाण्यावर तरंगते, मुळं अधांतरी असतात, वरून झाकण बसतं आणि खालचं पाणी अंधारात घुसमटतं. सिल्व्हर क्रीकमधलं गवत तळात रुजलेलं, पाण्याच्या आत वाढणारं आहे. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडतं, किड्यांना घर देतं, माशाला सावली देतं. हे गवत नसतं तर एवढ्याशा ओढ्यात एवढे मासे राहिलेच नसते.

ते एवढं माजतं कशामुळे? हा ओढा बर्फ वितळून येत नाही, झऱ्यांतून येतो. शेजारची बिग वुड नदी आणि तिचे कालवे खोऱ्यात पाणी मुरवतात आणि तेच खाली गॅनेट-पिकाबोच्या बाजूला झऱ्यांनी वर येतं. झऱ्याच्या तोंडाशी ते वर्षभर साधारण १०-११ अंश सेल्सियस असतं, नितळ असतं, त्यात चुना आणि खनिजं असतात. बिग वुडमध्ये दर मे-जूनला लोंढा येऊन तळ खरवडून जातो. इथे तसा लोंढा येत नाही. उतारही अगदी कमी. म्हणजे ऊन थेट तळापर्यंत, पाणी कोमट नाही आणि गारठलेलंही नाही, आणि उपटून न्यायला कुणी नाही. एप्रिल-मेपासून वाढ सुरू होते आणि ऑगस्टात कळस होतो.

सगळं एकाच नावाने गवत म्हणू नका, कारण मासेमारीला प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. हातात घेऊन बघा. बारीक पानं दांड्याभोवती चक्राकार, बोटांत चुरलं की खरखरीत लागतं आणि लसणासारखा उग्र वास येतो, ते कारा. ते खरं तर शेवाळाच्याच कुळातलं, त्याला खरी मुळं नसतात, पण तळावर गालिच्यासारखं बसतं. त्याचा खरखरीतपणा म्हणजे अंगावर साचलेला चुना. हे ठिसूळ असतं, गळ अडकला तर तुकडा तुटून हाती येतो. लांब केसांसारखे झुबके, वर पाच पाकळ्यांची पांढरी फुलं आणि मध्ये पिवळा ठिपका, ते पाण्यातलं रॅननक्युलस, म्हणजे बटरकप. हे प्रवाहात लवतं आणि दोन ताटव्यांच्या मध्ये स्वच्छ खडीची वाट सोडतं. दोऱ्यासारखी लांब पानं, टोकाला पंख्यासारखी पसरलेली, ते सेगो पाँडवीड. हे चिवट. टिपेट तुटेल, सेगो तुटणार नाही. दांड्यावर तीन-तीन आखूड पानांचे वेढे असतील तर इलोडिया, संथ पाण्यात गाळावर.

काळजी करायची ती या सगळ्यांची नाही, हाताला बुळबुळीत लागणाऱ्या तंतूंच्या शेवाळाची. ते इतर गवतावर गोधडीसारखं चढतं. उन्हात त्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकतात, दुपारपर्यंत गोधडी फुगून तळावरून सुटते आणि वाहू लागते. दुपारी एकदम झुबके वाहायला लागतात ते पुष्कळदा यामुळेच. बर्फ कमी पडलेल्या वर्षी झऱ्यांचं पाणी घटतं, प्रवाह मंदावतो, गाळ बसतो आणि हे शेवाळ लवकर दिसायला लागतं. शेतातून खत येत असेल तर आणखी जोरात. तुमच्या प्रदूषणाच्या शंकेचं उत्तर इथे शोधा: रुजलेलं गवत हिरवंगार आणि स्वच्छ आहे, की त्यावर तपकिरी-हिरवी लव चढली आहे?

मापकाचं कोडं सोपं आहे. मापक मोजतो तो पाण्याची उंची, प्रवाह नाही. तेवढंच पाणी गवतातून वाट काढत जाऊ लागलं की त्याला घर्षण होतं, वेग घटतो आणि पाणी फुगतं. प्रवाहाचा घनफुटांतला आकडा उंचीवरून तक्त्याने काढलेला असतो. गवत वाढलं की तो तक्ता चुकतो, म्हणून कर्मचारी येऊन प्रत्यक्ष प्रवाह मोजतात आणि आकडा सरकवून घेतात. दोन मोजण्यांच्या मधल्या दिवसांत त्यावर फार विसंबू नका. हिवाळ्यात गवत गळतं, उरलेलं पाणपक्षी फस्त करतात आणि मग पाणी तेवढंच असूनही पातळी उतरते.

स्पिनर_सकाळी_नऊ

वरचं सगळं बरोबर. मी मासेमारीवर येतो.

तुमचं सामान जूनचं आहे, ऑगस्टचं नाही. मण्याचं निम्फ आणि इंडिकेटर काढून ठेवा. गवताचा माथा पाण्याखाली जेमतेम फूटभर असतो, त्या जागी दोन फूट खोल लटकणारं निम्फ अडकणारच. आणि इथे मासा तळाशी बसून खात नाही. तो ताटव्याच्या कडेला, वाटेत, पाण्याच्या वरच्या फूटभरात खातो, कारण गवतातून निघालेला प्रत्येक किडा त्याच्या नाकासमोरून जातो. गवताने पात्र आवळलं म्हणजे अन्नाची वाटही आवळली. जूनमध्ये पात्रभर पसरलेले मासे ऑगस्टात दीड-दोन फुटी वाटांत गोळा होतात. कुठे फेकायचं हे गवतानेच आखून दिलेलं असतं.

म्हणून पहिली दहा मिनिटं फेकूच नका. काठावर थोडं मागे, खाली बसा आणि वाटा मोजा. जिथे दोन वाटा एकत्र येतात किंवा ताटव्याच्या शेपटीमागे पाणी पुन्हा जुळतं, तिथे बघा. कडेला चिकटून बारीक, ओठ टेकल्यासारखं वर्तुळ दिसलं तर मोठा मासा असण्याची शक्यता जास्त. मधोमध उड्या मारणारे बहुधा लहान.

लीडर १३-१४ फुटी करा. ९ फुटी, गाठ नसलेला, ४ एक्सला संपणारा लीडर घ्या, त्याला दोन फूट ५ एक्स आणि पुढे अडीच-तीन फूट ६ एक्स. जाडी ०.००६ आणि ०.००५ इंच. गाठ लावून बनवलेला लीडर इथे नको, प्रत्येक गाठीवर शेवाळाची लव बसते. आपल्या दोन गाठी ओल्या करून घट्ट आवळा आणि उरलेली टोकं अगदी मुळाशी कापा. एक मिलिमीटरचं टोकसुद्धा केसासारखा तंतू पकडतं आणि फ्लायला (गळावर बांधलेल्या नकली किड्याला) ओढ लागते.

उभं राहायचं माशाच्या वरच्या अंगाला आणि थोडं बाजूला, फेकायचं प्रवाहाबरोबर खाली. वरच्या बाजूला फेकलं की लाइन माशाच्या डोक्यावरून जाते आणि मधल्या ताटव्यावर पडून लगेच ओढते. खाली फेकताना हवेतच रॉड वरच्या अंगाला झुकवा, म्हणजे लाइन तिरकी पडेल आणि माशाला आधी फ्लाय दिसेल, मग टिपेट. शेवटी रॉडचं टोक दोनदा हलवून थोडी ढील टाका. ३०-३५ फुटांपेक्षा लांब फेकू नका. तुम्हाला हवा आहे तीन-चार फुटांचा बिनओढीचा प्रवास, बास. फ्लाय माशापुढे गेली की लगेच उचलू नका, रॉड बाजूला नेऊन लाइन त्याच्या वाटेबाहेर काढा आणि मग उचला.

जुलै मध्यापासून ऑगस्टअखेर सकाळचं काम ट्रायको या चिमुकल्या मेफ्लायचं (पाण्यात वाढणाऱ्या माशीचं). काळी नर स्पिनर (मीलनानंतर पाण्यावर पडणारी माशी), गळ २०-२४. हवा तापू लागली की, साधारण ८ ते ११ च्या दरम्यान, स्पिनर पाण्यावर पडतात. त्यांची निम्फं गाळात आणि गवताच्या बुडाशीच वाढतात, म्हणून गवत दाट तिथे ट्रायकोही दाट. २२ नंबर दिसत नसेल तर दीड फूट वर १६ नंबरची फिकी पीएमडी (पेल मॉर्निंग डन या मेफ्लायची नक्कल) बांधा आणि तिच्याकडे बघत राहा. मासा घेतो आहे पण पृष्ठभाग फुटत नाही, असं दिसलं तर १८ नंबरचं बिनवजनाचं पीएमडी निम्फ लावा, लीडरला शेवटचे ८-१० इंच सोडून तेलकट लेप द्या, म्हणजे निम्फ गवताच्या माथ्यावरून सरकेल, आत जाणार नाही. प्रिझर्व्हमधल्या सलिव्हन लेकच्या संथ भागात कॅलिबेटिस ही मेफ्लाय, आणि वारा सुटला की काठावर टोळ आणि मुंग्या.

दर दोन-तीन फेकींनंतर फ्लाय हातात घेऊन बघा. गळाच्या वळणात एक हिरवा तंतू असला तरी मासा नाकारतो, आणि माणूस तासभर फ्लाय बदलत बसतो. अडकलेली लव काढायला फ्लाय पाण्यावर आपटायची असेल तर माशापासून दूर, खालच्या बाजूला.

आता लागलेला मासा. दोन्ही मासे गेले त्याचं कारण बहुधा हेच की तुम्ही रॉड उभा धरला. रॉड उभा केला की मासा वर उचलला जातो, घाबरतो आणि खाली मुसंडी मारतो, खाली गवत. रॉड आडवा, जवळजवळ पाण्याला समांतर, आणि ओढ बाजूने. पहिल्या पाच सेकंदांत त्याचं डोकं वाटेत वळलं पाहिजे. लगेच काठाने चालत त्याच्या खालच्या अंगाला जा. गवत प्रवाहाबरोबर खाली लवलेलं असतं, त्यामुळे खालून ओढलेला मासा केसांवरून कंगवा फिरावा तसा सुटून येतो. वरून ओढलेला मासा प्रत्येक दांड्यात गुंततो.

घुसलाच तर जोर लावू नका. ढील द्या, मिनिटभर थांबा, पुष्कळदा तो स्वतःच बाहेर सरकतो. नाही सरकला तर रॉडचं टोक सरळ त्याच्याकडे करा, लाइन बोटांत धरा आणि हाताने हळूहळू, सलग ओढा. रॉडची उसळी निघून गेली की मासा शांत राहतो. लीडरवरून झुबका सरकत त्याच्या तोंडापर्यंत आला असेल तर टोक खाली करून आधी झुबका काढा. माशाचं नाही, त्या ओल्या झुबक्याचं वजन टिपेट तोडतं. गळाचा उलटा काटा घरूनच चिमट्याने दाबून न्या. अडकलेला मासा मग स्वतःच सुटू शकतो, गवताला बांधलेला राहत नाही.

गळ_आणि_दोरा

खूप उपयोगी, आभार. रॉड उभाच होता. अजून दोन गोष्टी. एक, इंग्लंडमध्ये नद्यांतलं असं गवत कापतात असं ऐकलं, मग इथे का नाही? दोन, काठावरून जमत नाही तिथे पाण्यात उतरलं तर? तळ दिसत नाही.

चॉकनदीकाठी

हॅम्पशायरमधून लिहिते. टेस्ट आणि इचेन या नद्यांवर गवत कापतात, खरं आहे. पण साफ करत नाहीत. नदीभर आधी ठरलेल्या तारखा असतात, वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत काही ठरावीक दिवसच, म्हणजे वरच्याने कापलेलं खालच्याच्या मासेमारीत रोज वाहत येणार नाही. पद्धत जुनी आहे. विळ्याची पाती एकाला एक जोडून साखळी करायची, दोन काठांवर दोन माणसं आणि आळीपाळीने ओढायचं. एकट्याला लांब दांड्याचा विळा. मोठ्या पात्रात कापणारी होडी.

कापायचं कसं यातच सगळं कौशल्य. पात्रभर सरळ कापलं तर पाणी एका दिवसात उतरतं, मासे उघडे पडतात आणि काठ कोरडे पडतात. म्हणून आडवे पट्टे: एक पट्टा कापायचा, एक ठेवायचा, पुढचा पट्टा आधीच्यापेक्षा बाजूला सरकवून. पाणी नागमोडी जातं, वाटेत वेग घेतं आणि खडी स्वच्छ राहते, आणि ठेवलेल्या पट्ट्यांमुळे पातळी टिकते. कोरड्या वर्षी तर कापणं जवळजवळ थांबवतात. पाणी कमी असताना गवतच पातळी धरून ठेवतं, हे वर मापकाच्या उत्तरात आलंच आहे. रॅननक्युलस फुलण्याआधी कापलं तर पुन्हा झपाट्याने फुटतं. फुलून गेल्यावर ते आपोआप ठिसूळ होतं आणि तुटून वाहतं, तिथे विळा लागतही नाही.

आणि कापलेलं गवत बाहेर काढावं लागतं. पाण्यात सडू दिलं तर प्राणवायू खातं आणि खालच्या वळणावर काळा गाळ साचतो. या सगळ्याला माणसं लागतात, नदीभरातल्या मालकांचा समन्वय लागतो. एका मासेमाराने आपल्यापुरती वाट उपटावी असं हे काम नाही.

तळाची_खडी

त्यात एवढंच जोडतो: प्रिझर्व्हमध्ये एक काडीही उपटू नका. १९७६ मध्ये नेचर कॉन्झर्व्हन्सीने ४७९ एकर घेतले ते हा ओढा राखण्यासाठीच. तिथे फक्त फ्लायने मासेमारी, मासा पकडून सोडायचा, आणि आधी व्हिजिटर सेंटरला नाव नोंदवायचं. बाकी नियम आयडाहो फिश अँड गेमच्या चालू पुस्तिकेत भागागणिक वेगवेगळे आहेत, पुलाच्या कुठल्या बाजूला उभे आहात हे बघून वाचा.

पाण्यात उतरण्याबद्दल. हिरवा ताटवा दिसला म्हणजे खाली टणक तळ आहे असं समजू नका. गवत प्रवाह अडवतं, प्रवाह अडला की गाळ खाली बसतो. दाट ताटव्याखाली मांडीपर्यंत मऊ गाळ असू शकतो. पाय टाकायचाच तर दोन ताटव्यांमधल्या फिक्या, स्वच्छ वाटेत, काठीने तळ चाचपून. मागचा पाय सुटतो याची खात्री झाल्याशिवाय पुढच्या पायावर वजन टाकू नका. वेडरला (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीला) पट्टा कमरेला घट्ट. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका, गुडघा वाकवून टाच मागे काढा. ताटव्यातून चालत गेलात तर गाळ उठतो आणि खालच्या दोनशे फुटांतले मासे खाणं थांबवतात, हा वेगळा तोटा. संथ भागात जिथे परवानगी आहे तिथे फ्लोट ट्यूब (बसून तरंगायची फुगवलेली ट्यूब) बरी.

स्वच्छ खडीवरही डोळे उघडे ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्राउन ट्राउट आणि वसंतात रेनबो तिथेच अंडी घालतात. आजूबाजूच्या खडीपेक्षा उजळ, लांबट गोल खड्डा आणि मागे छोटा उंचवटा दिसला तर त्यावर पाय नको, आणि तिथल्या माशावर फ्लायही नको.

खिशात थर्मामीटर ठेवा. पाणी ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सियसला पोचलं की गुंडाळा. झऱ्याच्या तोंडाशी पाणी गार असतं, पण संथ, रुंद, उघड्या भागात ऑगस्टच्या दुपारी ते चढतं. आणि गवताचं दुसरं रूप रात्री दिसतं: ऊन गेलं की तेही श्वास घेतं, प्राणवायू खर्च करतं. पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे. ओढा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास आहे, तिथे २० अंशांचं पाणी पूर्ण भरलं तरी लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू धरतं. म्हणून उकाड्याच्या, वारा पडलेल्या रात्रीनंतर अगदी पहाटे धरलेला मासा लवकर थकतो. आठ वाजता सुरुवात केलीत तरी ट्रायको चुकत नाही आणि माशालाही तासभर ऊन मिळालेलं असतं. सोडताना डोकं प्रवाहाकडे धरा, शेपूट स्वतः मारेपर्यंत हात काढू नका.

स्पिनर_सकाळी_नऊ

सप्टेंबरबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. पहिली कडक थंडी पडली की गवत पिवळं पडून सुटायला लागतं. तेव्हा वाहणारे झुबके ऑगस्टपेक्षा जास्त त्रास देतात, पण वाटा रुंद होतात आणि महोगनी डन, मग बेटिस या मेफ्लाय येतात. गळ १६ आणि २०-२२. वारा असेल तर वाऱ्याने झुबके जिकडे ढकललेले नाहीत ती कड धरा. वळणाच्या आतल्या कडेला पाणी मंद असतं, झुबके तिथे गोळा होतात. बाहेरच्या कडेला उभे राहा. सकाळी बदकांचे आणि कूट या काळ्या पाणपक्ष्याचे थवे वरच्या बाजूला चरत असतील तर खाली वाहून येणारं गवत त्यांनी उपटलेलं आहे. ते उडून गेले की पंधरा-वीस मिनिटांत पाणी निवळतं.

आणि परतताना बुटांच्या लेसमध्ये, वेडरच्या घडीत, जाळीत अडकलेलं गवत तिथेच काढा. या ओढ्यात न्यूझीलंडची चिखलगोगलगाय आहे. पाच-सहा मिलिमीटरची, मिरीच्या दाण्याएवढी, तोंडावर झाकण लावून कित्येक दिवस ओल्या गवतात जगते आणि वंश वाढवायला एकटी मादी पुरते. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळाचे बूट टाळा, ती त्यात रुतून बसते. घरी आल्यावर बूट फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा, नाहीतर ४९ अंश सेल्सियसच्या वरच्या पाण्यात दहा मिनिटं पूर्ण बुडवा. नुसतं नळाखाली धुऊन ती मरत नाही.